आदान, निक्षेपण आणि युरियाची गोणी

हिंसेचे नेमके स्थान कोणते, ती कर्त्याच्या हेतूत असते, कृतीच्या परिणामात असते की वापरलेल्या वस्तूच्या स्वभावात असते, या प्रश्नाला भारतीय दर्शनांनी दिलेली उत्तरे बहुधा यज्ञ, आहार, शिकार आणि युद्ध यांच्या संदर्भात तपासली जातात. ज्या कामाच्या जागी कोणाच्याही मनात कोणाचे वाईट करण्याचा विचार नसतो आणि हाताळली जाणारी वस्तूही विष म्हणून ओळखली जात नाही, तिथे ही उत्तरे कितपत टिकतात, हे पाहण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात. युरियाचे गोदाम ही अशी जागा आहे. तिथला पदार्थ सौम्य आहे, व्यवहार कायदेशीर आहे, धान्य पिकवणे हा हेतू चांगला आहे, आणि तरीही तिथे राबणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना, श्वासाला आणि पाठीच्या कण्याला इजा होऊ शकते. या इजेला अपघात म्हणावे, नशीब म्हणावे की हिंसा म्हणावे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. त्यासाठी येथे मुख्यतः जैन आचारशास्त्राचा आधार घेतला आहे, कारण वस्तू कशी उचलावी आणि कशी ठेवावी या अगदी साध्या क्रियेला धर्माचरणाचा दर्जा देऊन तिला स्वतंत्र नाव देण्याचे काम त्या परंपरेने केले आहे.

पदार्थाची ओळख आधी करून घेतली पाहिजे. युरिया हे कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हायड्रोजन या चार मूलद्रव्यांचे पांढरे, कोरडे असताना वास नसलेले आणि पाण्यात फार सहज विरघळणारे संयुग असून त्याच्या वजनात नायट्रोजनचा वाटा सुमारे ४६ टक्के असतो. रुएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७७३ मध्ये ते मूत्रातून वेगळे काढले आणि १८२८ मध्ये व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाला ते अमोनियम सायनेटपासून प्रयोगशाळेत मिळाले, तेव्हा सजीवांच्या देहातील द्रव्ये घडवण्यासाठी एखादी खास प्राणशक्ती लागते या त्या काळच्या समजुतीला मोठा तडा गेला. देहात त्याचे काम काय, हे पुढे स्पष्ट झाले. प्रथिने पचून त्यांचे विघटन होताना अमोनिया तयार होतो आणि तो मेंदूला घातक असतो. यकृत त्याचे युरियात रूपांतर करते व मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. या रूपांतराचे चक्र क्रेब्ज आणि हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये मांडले. प्रौढ माणसाच्या मूत्रातून दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम युरिया बाहेर पडतो. म्हणजे युरिया ही मुळात अमोनियापासून स्वतःला वाचवण्यासाठी देहाने काढलेली तोड आहे. मुंबईतील ट्रॉम्बे, अलिबागजवळचे थळ किंवा गोव्यातील झुआरीनगर येथील कारखान्यांतही मूळ द्रव्ये तीच असतात, फक्त यकृताच्या सौम्य वातावरणाऐवजी तिथे सुमारे १८० ते १९० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या शंभराहून अधिक पट दाब वापरावा लागतो. त्या दाबाखाली अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांचा संयोग होऊन अमोनियम कार्बामेट हे मधले द्रव्य बनते आणि त्यातून पाणी निघून गेले की युरिया उरतो.

विषशास्त्राच्या कसोटीवर हा पदार्थ जवळजवळ निर्दोष ठरतो. प्रयोगातील उंदरांपैकी निम्मे दगावतील अशी तोंडावाटे द्यायची मात्रा युरियाच्या बाबतीत देहाच्या वजनाच्या किलोमागे आठ ग्रॅमहून अधिक आहे, तर स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बाबतीत ती साधारण तीन ग्रॅम आहे. भेगाळलेल्या टाचांसाठी आणि कोरड्या त्वचेसाठी वैद्य जी मलमे लिहून देतात, त्यांत दहा टक्के आणि कधीकधी चाळीस टक्केही युरिया असतो. जैन श्रावकाला, म्हणजे गृहस्थ अनुयायाला, वर्ज्य सांगितलेल्या पंधरा व्यवसायांत, ज्यांना 'कर्मादान' म्हणतात, 'विषवाणिज्य' म्हणजे विषाचा व्यापार हा एक आहे. पण युरियाचा व्यापार त्या सदरात घालता येणार नाही. वस्तूच्या स्वभावावरून हिंसा ठरवणारा विचार इथेच थांबतो आणि गोदामाला निर्दोषत्वाचा दाखला देऊन मोकळा होतो.

गोदामातील वास्तव मात्र एवढ्यावर संपत नाही. दाणेदार युरियाची गोणी फुटली, आपटली किंवा रिकामी करून झटकली की बारीक भुकटी उडते आणि ती डोळ्यांत गेली की आग होते, नाकात व घशात गेली की खवखव आणि खोकला सुरू होतो, आणि घामाने भिजलेल्या किंवा चिरा पडलेल्या कातडीवर बसली की चुरचुरते. कामाच्या जागेच्या हवेत ही भुकटी घनमीटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, अशी मार्गदर्शक मर्यादा औद्योगिक आरोग्यशास्त्रात वापरली जाते. युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो, त्यामुळे फरशीवर सांडलेले दाणे पावसाळ्यात विरघळून निसरडे होतात आणि डोक्यावर ओझे असलेल्या माणसाचा पाय नेमका तिथेच सटकतो. ओल लागून राहिलेल्या आणि मातीत मिसळलेल्या ढिगात सूक्ष्मजीव युरियाचे विघटन करतात व पुन्हा अमोनिया सुटतो. कोंदट, बंद गोदामात त्याचा उग्र दर्प साठतो. युरिया स्वतः पेट घेत नाही, परंतु सुमारे १३३ अंशांना तो वितळतो व त्यापुढे तापल्यास अमोनियासह अन्य त्रासदायक वायू बाहेर पडतात, म्हणून युरियाचे अवशेष असलेल्या नळीवर किंवा टाकीवर ती धुतल्याशिवाय वेल्डिंग करणे धोक्याचे असते. ब्लीचिंग पावडरीसारख्या क्लोरीनयुक्त द्रव्यांशी त्याचा संयोग झाल्यास नायट्रोजन ट्रायक्लोराइड हे स्फोटक द्रव्य तयार होऊ शकते, आणि गावोगावच्या दुकानांत ही दोन्ही पोती एकाच कोपऱ्यात ठेवलेली असू शकतात. प्लायवूडच्या कारखान्यात युरियाची सांगड फॉर्माल्डिहाइडशी घातली जाते, ज्याची गणना मानवी कर्करोगाच्या सिद्ध कारणांत होते. खतकारखान्यात तर खरा शत्रू अमोनियाच असतो: हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग ही आठ तासांच्या कामासाठीची त्याची मर्यादा आहे आणि ३०० भागांना तो जिवावर बेतू शकतो. गोठ्याशेजारी सांडलेला किंवा बादलीत कालवून ठेवलेला युरिया गायीम्हशींच्या तोंडी लागला तर त्यांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव त्याचा झपाट्याने अमोनिया करतात, आणि माणसाला फारसा न बाधणारा हाच पदार्थ जनावराला थोड्या वेळात मारतो.

या सगळ्या धोक्यांत एक समान गोष्ट आहे. त्यांतला जवळजवळ एकही धोका एकट्या युरियात नाही. तो युरिया आणि ओल, युरिया आणि उष्णता, युरिया आणि कोंदलेली हवा, युरिया आणि शेजारचे पोते, युरिया आणि उघडे डोळे यांच्या संबंधात आहे. चरकाने औषध आणि विष यांच्यातील सीमा योग्य व अयोग्य वापरावर ठरवली होती आणि सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने ती मात्रेवर ठरवली. दोघांच्याही म्हणण्याचा रोख वस्तूकडून वापराकडे जातो. वापर म्हणजे शेवटी कोणीतरी कोणाकडून तरी करवून घेतलेली क्रिया, आणि क्रियेचा विचार आला की नीतीचा प्रश्न टाळता येत नाही.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे, तिचा आशय असा की प्रमादयुक्त व्यापारामुळे प्राणांचा होणारा वियोग म्हणजे हिंसा. या व्याख्येतील दोन शब्द नीट समजून घेतले पाहिजेत. 'प्रमाद' म्हणजे बेसावधपणा, गाफीलपणा, जे लक्षात ठेवायला हवे ते लक्षात न ठेवणे. त्यात द्वेष असावाच असे नाही. 'प्राण' हा शब्द तर नेहमीच्या मराठी अर्थाहून फार व्यापक आहे. जैन तत्त्वज्ञानात प्राण दहा आहेत: पाच इंद्रिये, मन, वाणी व काया यांची तीन बळे, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य. हिंसा होण्यासाठी जीव जावाच लागतो असे या गणनेत नाही. डोळ्याला इजा झाली तर चक्षुरूपी प्राणाला धक्का लागतो, वायूने श्वास कोंडला तर श्वासोच्छ्वासरूपी प्राणाला, आणि ओझ्याने कंबर मोडली तर कायबळाला. औद्योगिक वैद्यकाने युरिया हाताळणाऱ्यांच्या ज्या तक्रारी नोंदवाव्यात, डोळ्यांची आग, घशातील खवखव, पाठीचे दुखणे, त्या या गणनेत एकेका प्राणाच्या नावापुढे जाऊन बसतात. मृत्यू झाला नाही म्हणजे काही घडले नाही, या समजुतीला इथे आधार मिळत नाही.

कुंदकुंदाचार्यांनी प्रवचनसारात हा विचार आणखी एक पायरी पुढे नेला. त्यांच्या प्रतिपादनानुसार जीव मरो की जगो, ज्याचे आचरण असावध आहे त्याला हिंसा निश्चित लागते; उलट जो काळजीपूर्वक वागतो त्याच्या हातून एखादा जीव दगावला तरी केवळ त्या घटनेमुळे त्याला बंध, म्हणजे कर्माचे बंधन, लागत नाही. हे विधान कामाच्या जागी आणून ठेवले की त्याचे वजन कळते. गोदामातील थप्पी वेडीवाकडी आणि प्रमाणाबाहेर उंच रचलेली आहे, तळाच्या गोण्या ओल धरून ढासळत आहेत, तिच्या आडोशाला मजूर जेवायला बसतात, आणि आजवर ती कोसळलेली नाही. अपघातांच्या नोंदवहीत या गोदामाचे पान कोरे राहील. कुंदकुंदांच्या वहीत ते भरलेले आहे. सुरक्षेच्या आधुनिक शास्त्रालाही थोडक्यात हुकलेला अपघात हा अपघाताइतकाच गांभीर्याने नोंदवावा हे सांगावे लागते आणि ते प्रत्यक्षात फार कमी ठिकाणी पाळले जाते, कारण परिणाम दिसल्याशिवाय दोष मानायची व्यवहाराला सवय नाही. प्रवचनसार दोषाची गाठ परिणामापासून सोडवून आचरणाशी बांधतो आणि त्यामुळे नशिबाने वाचलेल्या व्यवस्थापकाला त्यात पळवाट उरत नाही.

बौद्धांनी जैनांशी या मुद्द्यावर वाद घातला होता. मज्झिमनिकायातील उपालिसुत्तात निगंठ नातपुत्त, म्हणजे महावीर, यांचा अनुयायी असलेला उपाली हा गृहस्थ शरीराने केलेले दुष्कृत्य मनाने केलेल्या दुष्कृत्याहून जड असते असे मांडतो, आणि बुद्ध त्याच्याच तोंडून हे वदवून घेतात की न कळत घडलेल्या गोष्टीला निगंठही मोठा दोष मानत नाहीत, मग निर्णायक ठरते ती चेतना, म्हणजे हेतुपूर्वकता. हा युक्तिवाद प्रभावी आहे, पण गोदामाच्या दारात तो अडखळतो, कारण तिथे कोणाचीही चेतना दुष्ट नसते. मुकादमाला काम लवकर उरकायचे असते, दुकानदाराला खर्च वाचवायचा असतो, हमालाला फेऱ्या पुऱ्या करायच्या असतात. तिघांनाही कोणाचे डोळे जाळायचे नसतात. केवळ हेतूवर नीती उभी केली तर कामाच्या जागी होणारी बहुतेक इजा नीतीच्या कक्षेबाहेर पडते. बौद्ध परंपरेलाही हे पुरते ठाऊक असावे, कारण परिनिर्वाणापूर्वीचा बुद्धांचा अखेरचा उपदेश अप्रमादाचाच होता असे ती परंपरा सांगते आणि धम्मपदाचा एक संपूर्ण वर्ग अप्रमादाला वाहिलेला आहे. प्रमाद हा हेतू आणि योगायोग यांच्या मधला प्रदेश आहे: त्यात दुष्ट इच्छा नसते, पण कर्त्याची जबाबदारी पूर्ण असते. कारखान्यांत, गोदामांत आणि शेतांत होणारी हिंसा बहुतांशी याच प्रदेशात राहते, असे या विवेचनाचे म्हणणे आहे.

त्या हिंसेतला सर्वांत मोठा वाटा भुकटीचा किंवा वायूचा नसून वजनाचा आहे. भारतात युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची असे आणि २०१८ पासून ती ४५ किलोची झाली. १० टनांचा ट्रक उतरवायचा तर सुमारे २२२ गोण्या कोणाच्या तरी पाठीवरून किंवा डोक्यावरून जाव्या लागतात. रासायनिक धोक्याची चिन्हे रंगवलेल्या तक्त्यावर या ओझ्याचे चित्र बहुधा नसते, कारण ते पदार्थाच्या स्वभावात मोडत नाही. जैन आचारशास्त्राने मात्र ते नेमके टिपले आहे. श्रावकाच्या अहिंसा-अणुव्रताचे, म्हणजे गृहस्थाने पाळायच्या मर्यादित अहिंसाव्रताचे, पाच 'अतिचार' सांगितले आहेत; अतिचार म्हणजे व्रत पूर्ण न मोडता त्याला लागणारा डाग. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभारारोपण आणि अन्नपाणी रोखणे, असे ते पाच. अतिभारारोपण म्हणजे प्रमाणाबाहेर ओझे लादणे. यातले पहिले तीन अतिचार ऐकताच क्रौर्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, आणि त्यांच्याच ओळीत, त्यांच्याच बरोबरीने ओझे लादणे व पाणी न देणे या अगदी व्यवहारी गोष्टी बसवलेल्या आहेत. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये गाडी रिकामी होईपर्यंत हमालाला पाणी प्यायला न सोडणारा माणूस या यादीप्रमाणे एकाच वेळी दोन अतिचार करतो.

इथे एक गंभीर आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जैन विचारकांनी गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार केले आहेत: ठरवून केलेली संकल्पी, घरकामात घडणारी आरंभी, उपजीविकेच्या धंद्यात घडणारी उद्योगी आणि स्वसंरक्षणात घडणारी विरोधी. यांपैकी फक्त संकल्पी हिंसेचा त्याग गृहस्थाला सक्तीचा आहे. नांगरताना, दळताना, माल वाहताना होणारी हिंसा त्याला टाळता येत नाही म्हणून ती क्षम्य धरली आहे. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या पट्ट्यातील जैन समाज मोठ्या प्रमाणावर शेतकरी आहे, आणि ऊस-सोयाबीनला खत घालणाऱ्या, पाण्याच्या पाळीला रात्री रानात जाणाऱ्या या समाजाला अहिंसाधर्म पाळता येतो तो याच सवलतीच्या आधारे. मग युरियाच्या गोदामातील इजा उद्योगी हिंसेत जमा करून विषय संपवावा काय? या आक्षेपाचे उत्तर व्रताच्या रचनेतच आहे. अतिभारारोपण हा अतिचार संकल्पी हिंसेत बसत नाही. ओझे धंद्यातच लादले जाते, बैलावर, घोड्यावर, गड्यावर. धंद्यातली सगळीच हिंसा क्षम्य असती, तर हा अतिचार सांगण्याचे कारणच नव्हते. तो सांगितला गेला, याचा अर्थ सवलत धंद्याला आहे, धंद्यातील टाळता येण्याजोग्या इजेला नाही. हातगाडी, चाकांचा गाडा किंवा सरकता पट्टा जिथे आणता येतो, तिथे पाठीवर लादलेले ओझे अपरिहार्य राहत नाही.

साधूंसाठी सांगितलेल्या पाच समितींकडे या प्रकाशात पाहिले तर त्या कामाच्या जागेचे नियमच वाटू लागतात. 'समिती' म्हणजे सावध प्रवृत्ती. चालण्याची ईर्यासमिती, बोलण्याची भाषासमिती, भिक्षा घेण्याची एषणासमिती, वस्तू उचलण्या-ठेवण्याची आदाननिक्षेपणसमिती आणि मलमूत्र टाकण्याची उत्सर्गसमिती. चौथ्या समितीप्रमाणे साधू कमंडलू किंवा ग्रंथ उचलण्याआधी तो डोळ्यांनी पाहतो, मोरपिसांच्या पिंछीने जागा हलकेच झाडतो, मगच वस्तू उचलतो किंवा ठेवतो. गोणी आकडीने फाडून न ओढणे, थप्पीच्या तळातून न उपसणे, लाकडी फळ्यांवर व भिंतीपासून अंतर राखून रचणे, सांडलेले कोरडेच झाडून उचलणे, या सूचना वेगळ्या कुळातल्या नाहीत. उत्सर्गसमिती तर अक्षरशः युरियाविषयी आहे. मूत्र जिथे जीव नाहीत, पाणी नाही, हिरवळ नाही अशा जागी टाकावे हा नियम देहातून निघणाऱ्या त्या २०-३० ग्रॅमांसाठी होता. गोदामातील सांडलवंड पाणी मारून ओढ्यात, विहिरीकडे किंवा गोठ्याच्या बाजूला लोटून देणारा माणूस तोच नियम हजारो पटींनी मोडतो, कारण त्या पाण्यात शेवाळ माजते, मातीत नायट्रेट उतरते आणि जनावरे त्यालाच तोंड लावतात. स्थानकवासी साधू तोंडावर मुहपत्ती बांधतात, ती आपल्या श्वासाने हवेतील जीवांना बाधा होऊ नये म्हणून. हमालाने बांधायचा मास्क हवेपासून त्याच्या श्वासाला राखतो. दिशा उलट आहे, पण हवा ही इजेची वाट आहे ही जाणीव दोहोंत एकच आहे.

भाषासमितीचा विचार या संदर्भात सहसा कोणाला सुचत नाही, आणि तीच सर्वांत जास्त मोडली जाते. तिच्याप्रमाणे बोलणे हितकर, मोजके आणि असंदिग्ध असावे लागते. रासायनिक पदार्थाबरोबर सुरक्षेचे जे माहितीपत्रक येते त्याचे सोळा भाग असतात, ते बहुधा इंग्रजीत असते आणि कचेरीतल्या फाइलीत राहते. गोणी उचलणाऱ्या मराठी, कन्नड किंवा हिंदी भाषकापर्यंत त्यातले एक वाक्यही पोहोचत नाही. डोळ्यांत भुकटी गेली तर चोळू नका, वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवा, त्रास थांबला नाही तर डॉक्टरांकडे जा. अमोनियाचा वास आला तर आधी बाहेर पडा, दारे उघडा, एकट्याने आत शिरू नका. हात धुतल्याशिवाय भाकरी किंवा तंबाखू तोंडात घालू नका: एवढे भिंतीवर मराठीत लिहिले तरी भाषासमितीचा निम्मा भाग पाळला जाईल. उरलेला निम्मा भाग असा की धोका फुगवूनही सांगू नये. युरिया म्हणजे जहर आहे अशी भीती पसरवणारा आणि युरियाने काही होत नाही असे म्हणून हात झटकणारा, दोघेही असत्य बोलतात, आणि पहिल्याच्या अतिशयोक्तीमुळे दुसऱ्यावर लोकांचा विश्वास बसतो.

सावधपणावर एवढा भर दिला की एक दुरुपयोग ओढवतो, आणि तो मुळातच अडवला पाहिजे. प्रमाद म्हणजे हिंसा असेल, तर मास्क न बांधणारा हमाल स्वतःच स्वतःच्या इजेचा कर्ता ठरतो, असे म्हणून मालकाला सुटता येईल. जैन आचारशास्त्राने हा दरवाजा कृत, कारित आणि अनुमोदित या त्रयीने बंद केला आहे: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला संमती दिलेले, या तिन्ही वाटांनी हिंसा लागते, आणि मन, वाणी, काया यांच्याशी गुणून त्यांच्या नऊ कोटी होतात. श्वेतांबर परंपरेत गृहस्थाच्या व्रतातून अनुमोदनेला सहसा सूट असते, परंतु करवण्याला नसते. गोणीमागे किंवा फेरीमागे दर ठरवला की घाई त्या दरातच भरलेली असते. जो माणूस दर ठरवतो तो घाई करवतो, आणि घाईतून होणारा प्रमाद हा त्याचा कारित प्रमाद आहे. पंचेचाळीस किलोंची गोणी अनुदानामुळे शेतकऱ्याला तीनशे रुपयांच्या आत मिळते, हे शेतीच्या दृष्टीने योग्यच असेल, पण स्वस्त मालाच्या हाताळणीवर खर्च करायला कोणाचा हात पुढे येत नाही, हेही तितकेच खरे आहे. कायद्याने या दिशेने पावले टाकली आहेत. १९४८ चा कारखाना अधिनियम झाला तेव्हा त्यात धूळ, बेसुमार वजन, डोळ्यांचे संरक्षण आणि बंद जागेतील वायू यांसाठी वेगवेगळी कलमे घातली गेली. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व अन्य श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, ज्यामागे अण्णासाहेब पाटील यांनी उभी केलेली चळवळ होती, आणि ओझे वाहणारा माणूस कोणाचाच नोकर नाही म्हणून कोणाचीच जबाबदारी नाही, ही जुनी स्थिती त्याने बदलली. कारिताचा दोष कायद्याच्या भाषेत उतरला तो असा. तालुक्याच्या गावातील लहान दुकाने आणि खळ्यावरची रोजंदारी यांच्यापर्यंत मात्र तो अजून नीट पोहोचलेला नाही.

हा विचार एका संप्रदायाच्या कुंपणात राहिलेला नाही, याची साक्ष मराठीतच आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात गीतेतील 'अहिंसा' या एका शब्दावर ज्ञानदेवांनी प्रदीर्घ विवरण केले आहे. पावसासाठी यज्ञात आणि औषधासाठी वैद्यकात होणारी हिंसा चांगल्या हेतूच्या नावाखाली झाकली जाते, हे ते तिथे परखडपणे दाखवतात, आणि मग अहिंसक माणसाची ओळख त्याच्या मतांवरून न करता त्याच्या चालण्यावरून, पाहण्यावरून, बोलण्यावरून आणि हातांच्या हालचालीवरून करून देतात. धान्यासाठी खत लागते, हा आजचा चांगला हेतू आहे. तो खरा असल्यामुळेच त्याच्याआड होणारी इजा दिसेनाशी होते. तेराव्या अध्यायाच्या कसोटीला लावायचे तर खताच्या धंद्यातील अहिंसा धंद्याच्या उद्देशात शोधायची नसते. गोणी कशी उतरते, ती कोणाच्या पाठीवर बसते आणि त्या पाठीकडे कोणाचे लक्ष असते, यात ती शोधावी लागते.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणात, म्हणजे वर्षभरातील दोषांच्या आलोचनेत, श्वेतांबर श्रावक पहिल्या अणुव्रताचे पाचही अतिचार दरवर्षी मोठ्याने उच्चारतात आणि त्यांत अतिभाराचा उच्चार असतो. तो उच्चारणाऱ्यांपैकी ज्यांचे खताचे दुकान, गोदाम किंवा शेत आहे त्यांनी, आणि प्रतिक्रमण न करणाऱ्या पण तोच व्यवसाय करणाऱ्या सर्वांनी, येत्या हंगामापूर्वी आपल्या थप्पीची उंची, पाण्याच्या नळाचे अंतर आणि गाडी उतरवणाऱ्यांची संख्या एकदा स्वतः जाऊन पाहावी.